बोर्ड म्हणाला, कोण गं तू?

सून या घरात आल्यापासून एका वस्तूचं झाकण म्हणून जागेवर राहिलं नव्हतं. आधी दारावरची घंटा उघडली, मग इस्त्री, मग बाथरूममधला गिझर. बरं, बिघडलं म्हणून उघडलं म्हणावं, तर तेही नाही. इस्त्री चांगली निखाऱ्यासारखी तापत होती. "आतून कशी असते ते बघत होते, आई," म्हणे! सासूबाईंनी हे गाऱ्हाणं शेजारणीला सांगितलं, बहिणीला सांगितलं, फोनवर भलत्याच कुणाचा नंबर लागला तर त्यालाही अर्धं सांगून झालं.

पण आज सुनेने कहर केला. भरतकामाच्या मशीनचा कॉम्प्युटर आडवा पाडून त्याची आतडी टेबलावर मांडली होती. टेबल तरी कुठलं? बाईंचं, कापड बेतायचं. त्यावर बाई कुणाला चहाचा कप टेकवू देत नसत.

कारखाना म्हणजे राहत्या घराखालच्या दोन खोल्या. एकीत रिळांची मांडणी नि हे टेबल, दुसरीत मशीन. बारा सुयांचं धूड. बारा रंगांचे धागे ओवून ठेवले की पाळी येईल तशी एकेक सुई पुढे सरकणार. बाईंची शाळा तिसरीतच सुटली होती, पण भिंतीपलीकडून नुसत्या आवाजावर त्या सांगत, "सातव्या सुईचा दोरा सैल आहे बघ." तेवीस वर्षं त्या मशीनने घर चालवलं. लेकाचं शिक्षण त्यातून, वरचा मजला त्यातून, आणि बाईंचा तोरा तर सगळाच त्यातून.

मशीनला नक्षी पुरवायचा तो हा म्हातारा कॉम्प्युटर. दोघांना जोडणारं एक कार्ड होतं, ते फक्त जुन्या तऱ्हेच्याच खाचेत बसे. म्हणून नवा कॉम्प्युटर आणायची सोय नाही. आणि जुन्याची डिस्क आठवडाभर टकटक करत होती. ती जोडायच्या चार जागांपैकी तीन मेल्या होत्या, चौथी हलत होती. शाळेच्या चारशे बिल्ल्यांपैकी साठ झाले आणि पडदा काळा पडला. दुरुस्तीवाला आला, वाकून बघितलं, म्हणाला, "भंगार." लेकही म्हणाला, "आई, आता सोड हे. मशीन विकून टाकू, तू आराम कर."

"आराम मेल्यावर करायचाच आहे," बाई म्हणाल्या. "तेवढ्यासाठी आत्तापासून सराव कशाला?"

तेव्हाच सून म्हणाली होती, "मी बघू का?"

आणि आता ती हे बघत होती.

"काय शोधतेस गं त्याच्या पोटात? हरवलंय का काही?"

"जुन्या डिस्कमधलं सगळं मी या नव्या डिस्कवर उतरवून घेतलंय, आई." सुनेने बोटाएवढी पट्टी दाखवली. "ही दुसऱ्या खाचेत बसते, हलणाऱ्या जागेची गरजच नाही. बसवली पण. फक्त कॉम्प्युटरचा हा मुख्य बोर्ड हिच्यावरून सुरू होत नाही."

"का? काय धाड भरली?"

"हा बोर्ड बनला तेव्हा असल्या डिस्क नव्हत्याच. चालू झाल्या झाल्या तो आधी आपल्या पोटातलं बायोस वाचतो. कोणाला उठवायचं ते त्यात लिहिलेलं असतं. त्यात हिचा पत्ताच नाही."

बाईंनी डोळे बारीक केले. "म्हणजे नवी सून दारात उभी, आणि सासू विचारते, कोण गं तू?"

"अगदी तस्सं."

"मग आता सासूचं डोकं फोडून आत सुनेचं नाव कोंबणार?"

"फोडून नाही. चिमटा लावून."

बाई हसणार होत्या, पण वेळेवर आवरलं. हसलं की सुना डोक्यावर बसतात.

बायोस राहतं ती चिप नखाएवढी, दोन्ही बाजूंना चार-चार पाय. सुनेने वीज काढली, बोर्डावरचा सेल काढला, चिमटा त्या आठ पायांवर बसवला आणि त्याची वायर आपल्या लॅपटॉपला जोडली. आधी आहे ते सगळं वाचून घ्यायचं, त्याची प्रत जपून ठेवायची, मग दुसऱ्या प्रतीत नव्या डिस्कची ओळख पटवणारा तुकडा घालायचा, आणि ती प्रत चिपमध्ये परत लिहायची.

"आणि लिहिताना चुकलं तर?" बाईंनी विचारलं.

सुनेने खोटं सांगितलं नाही. "तर बोर्ड उठणारच नाही. मग कार्ड निकामी, मशीनही निकामी."

बाई खुर्ची ओढून समोरच बसल्या. मशीनचा जीव त्या आठ पायांत अडकलेला, आणि पाय सुनेच्या चिमट्यात. उठून जायची सोय नव्हती.

पहिलं वाचन झालं. दुसरं झालं. सुनेने दोन्ही ताडून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. तिसरं घेतलं.

"काय झालं?"

"तीनदा वाचलं, तिन्ही वेळा वेगळं आलं."

"मी पेपर वाचते तेव्हाही असंच होतं," बाई म्हणाल्या. "पण माझा चष्मा जुना आहे."

लेक दारातून डोकावला. "किती फरक आहे?"

"थोडासाच. चार-पाच ठिकाणी."

"मग एवढं काय? जवळपास सारखंच आहे की. लिहून मोकळी हो."

"जवळपास सारखं म्हणजे वेगळं," सून मान वर न करता म्हणाली. "मी नाही लिहिणार."

बाईंनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं म्हणा. असलं वाक्य या घरात आजवर एकच तोंड बोलत आलं होतं. शंभर रुमालांत एकाचा टाका अर्धा दोरा सरकला तरी अख्खा गठ्ठा परत घेणारं तोंड.

सुनेने चिमटा काढला, पुन्हा बसवला. पुन्हा वेगळं. पाचव्यांदा तर वाचलंच गेलं नाही. तिने हात मांडीत ठेवले. आवाज खाली आला. "चिपच गेली असावी, आई. असं असेल तर मी हात लावत नाही. दुरुस्तीवाला म्हणाला ते खरं." मग बोटं चोळत पुटपुटली, "चिपच्या पायांना काहीतरी चिकट लागतंय. वयाने झालं असेल."

बाई गप्प बसल्या. आता बाईंचं गप्प बसणं या घरात एवढं दुर्मिळ, की लेक दारातून आत आला.

"आई, बरं वाटत नाही का?"

"तू गप."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. बोलावं तर आयुष्यभराची अब्रू सुनेपुढे पडते. न बोलावं तर मशीन जातं.

"तेल आहे ते," त्या म्हणाल्या.

"कसलं तेल?"

"मशीनचं! दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी सगळ्या मशीनना तेल घालते. हा मेला घरघर करायचा. पंख्याच्या जाळीतून सोडायचे दोन थेंब. मशीनच ना हे? मशीनला तेल लागतं!"

लेक फुटला. भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. "दर महिन्याला! दर महिन्याला कॉम्प्युटरला तेल!"

"दात आत घे. तुझ्या डोक्याला घालायचं राहिलं म्हणून तू असा गंजलास."

सून मात्र हसली नाही. ती ताडकन उठली होती, चेहरा उजळला होता. "म्हणजे चिप चांगली आहे! नुसतं तेल आणि त्यावर बसलेली दोऱ्याची धूळ! आई, स्पिरिट आहे ना घरात?"

"स्पिरिट आहे. पण ते काम तुझं नाही. सरक."

बाईंनी चष्मा पुसला. सर्वांत बारीक सुईच्या टोकाला मलमलीची चिंधी इतकी घट्ट गुंडाळली की दोराच वाटावा. स्पिरिटमध्ये बुडवली आणि पहिला पाय पुसला. चिंधी काळी झाली. नवी गुंडाळली. दुसरा पाय. चाळीस वर्षं सुईचं भोक न चुकलेला हात. चिपला जाणवलं असेल तर शपथ. आठ पाय, आठ चिंध्या.

"आता वाच तिला."

सुनेने चिमटा परत लावून वाचलं. पुन्हा वाचलं. ताडून पाहिलं आणि श्वास सोडला. "सारखं."

"अजून एकदा," बाई म्हणाल्या.

"मी तेच म्हणणार होते."

तिसरंही सारखं. मग सुनेने जुनी प्रत दोन ठिकाणी जपून ठेवली, दुसरीत तो तुकडा घातला, आणि लिहायला सुरुवात केली. लॅपटॉपवर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. लेकाला शिंक येत होती. बाईंनी त्याचं नाकच धरलं. पट्टी संपली. लिहिलेलं पुन्हा वाचून ताडलं. चिमटा सोडवला, सेल बसवला, वीज जोडली, बटण दाबलं.

पडदा काळा.

एक मिनिट. "ओळख पटायला वेळ लागतो," सून म्हणाली, पण तिचा रंग उडाला होता. पंखा थांबला, पुन्हा फिरला. मग 'टिक्' असा बारीक आवाज झाला, आणि पडद्यावर यादी आली. पहिल्याच ओळीत नवी डिस्क.

चहा ओतून होईपर्यंत कॉम्प्युटर उठून बसला होता. पूर्वी तेवढ्यात दोन कप पिऊन व्हायचे. शाळेच्या बिल्ल्याची नक्षी पडद्यावर उमटली. पलीकडच्या खोलीत पहिली सुई खाली आली, मग दुसरी, आणि सगळं घर खालून थरथरायला लागलं. लेकाने आईला धरून एक गिरकी मारली. "सोड मेल्या, कंबर जाईल!" असं ओरडताना बाई दुसरीही गिरकी घेत होत्या.

एकसष्टावा बिल्ला मशीनमधून बाहेर आला. बाईंनी तो उलटा करून पाहिला, नखाने टाके चाचपले, आणि सुनेपुढे जाऊन उभ्या राहिल्या. सून चिमटा डबीत ठेवत होती. काय ऐकावं लागतंय या भीतीने तिची मान खालीच होती.

"इकडे बघ," बाई मोठ्याने म्हणाल्या, मशीनच्या आवाजावरून. लेकालाही ऐकू जायला हवं होतं. "शिवणाऱ्या बाया मी पोत्याने पाहिल्या. कापड न फाडता उसवणारी मात्र या घरात आजपर्यंत मीच एक होते. आता दोघी झालो. ते तेल कुणाला सांगितलंस तर माझ्याशी गाठ आहे."