हळद-लसणाची वाटी

"माणूस खोकून खोकून मेला तरी चालंल, पर कोंबडीला शिंक आली नाय पायजे," रंगराव पेपराच्या आडून पुटपुटले.

पुटपुटले ते बायकोला, विजयमालाला, नीट ऐकू जाईल अशा बेतानं. ती हातभर अंतरावर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. तुमच्या खोकल्याला हडपसरात पावलापावलाला डॉक्टर हायत, कोंबडीला कोण हाय, असं तिनं विचारलं आणि पाकळ्या खलबत्त्यात टाकल्या. एरवी रंगरावांनी त्यावर आणखी एक टोमणा हाणला असता. आज त्यांनी पान उलटलं आणि गप्प बसले. ते गप्प बसणंच तिला टोचलं. अलीकडे सगळेच तिच्यापुढे असे गप्प बसत होते.

मागचं खुराडं रिकामं पडलं होतं. तरी ती लसूण कुटत होती, कारण गल्लीच्या टोकाला बायडाबाईच्या कोंबड्या अजून जिवंत होत्या.

मांजरीतली शेती बिल्डरला गेली तेव्हा रंगराव आणि त्यांच्या धाकट्या भावानं शेजारी शेजारी बंगले बांधले. रंगरावांनी पेपर आणि खुर्ची धरली, मुलगा-सून कंपनीजवळ राहायला गेले आणि विजयमालाच्या वाट्याला उरली बंगल्यामागची, कंपाउंडच्या भिंतीपर्यंतची चिंचोळी पट्टी. तिथं तिनं गावरान कोंबड्या पाळल्या. तिचं बघून गल्लीत आणखी खुराडी आली आणि कुणाची कोंबडी जरा मलूल झाली की भिंतीवरून हाक यायची ती विजयमालालाच. तिच्या हाताला गुण होता, हे काही खोटं नव्हतं. कोंबडीला देवी आल्या की हळद आणि खोबरेल, अंड्याचं कवच मऊ पडलं तर चुन्याची निवळी, पिसवा झाल्या की राख आणि कडुनिंबाचा पाला, पोट बिघडलं तर ताक. सर्दीला मात्र तिची खास वाटी: मंडईतून मागवलेला गावठी लसूण, हळद, मिरी आणि चमचाभर तूप. चोच उघडायची आणि बोटावर घेऊन आत सोडायचं. घरात जिला चहा कधी टाकतेस एवढंच विचारलं जायचं, तिला गल्लीत कुणीतरी "आता काय करू?" असं विचारत होतं.

दिवाळीनंतर तिची धाकटी जाऊ कौशल्या जनावरांच्या दवाखान्यातून एक गोष्ट ऐकून आली. मानमोडीची, म्हणजे कोंबड्या माना टाकून मरतात त्या साथीची, लस मिळते, डोळ्यात थेंब टाकला की झालं. पण बाटली शंभर कोंबड्यांची. एकदा फोडली की लगेच संपवायची, आणि आणायची तीही बर्फातून. एकटीच्या चार कोंबड्यांसाठी कोण फोडणार? गल्लीनं मिळून आणली तर जमेल, अक्का, तुम्ही फक्त हो म्हणा, असं ती ओट्यावर बसलेल्या बायकांदेखत म्हणाली.

"बर्फातनं आणायची?" विजयमालानं विचारलं. "कोंबड्या हायत का कुल्फ्या?"

बायका हसल्या. कौशल्याही हसली. त्या घरात थोरलीचा शब्द धाकटीनं ओलांडायचा नसतो, आणि लग्न होऊन आल्यापासून तिनं तो ओलांडला नव्हता. लसीचा विषय त्या ओट्यावरच संपला.

उन्हं तापायला लागली तशी निशाची कोंबडी पडली. निशा लातूरकडची, समोरच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी. आपल्या कोंबड्यांत तिनं नुकतीच बाजारातून एक तलंग, अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, आणली होती. "काकू, ही मानच टाकायलीय बघा," म्हणत ती दारात येऊन उभी राहिली. विजयमालानं कोंबडी मांडीवर घेतली, चोचीतून गळणारी लाळ पदरानं पुसली, वाटीतलं बोट चाटवलं आणि दुपारभर घेऊन बसली. लेकाला गोवर आला होता तेव्हासुद्धा ती एवढा वेळ बसली नसेल. उठली ती तशीच, तोच पदर आणि तीच वाटी घेऊन घरोघर गेली. दुखणं यायच्या आधीच दिलेलं बरं, म्हणाली. कौशल्याच्या, निशाच्या, स्वतःच्या, सगळ्या कोंबड्यांच्या चोची तिनं एकेक करून उघडल्या. बायडाबाई तेवढी त्या दिवशी लेकीकडे लोणी काळभोरला गेली होती. तिच्या दाराला कुलूप होतं.

निशाची तलंग सकाळी मेलेली सापडली. पाठोपाठ बाकीच्या. एखादी पंख पाडून बसायची, एखादी मान उलटी वळवून जागच्या जागी गिरक्या घ्यायची. विजयमालानं वाटी रिकामी पडू दिली नाही, जिथं दुखणं होतं तिथली फेरी चुकवली नाही. शेवटी फेरी मारायला खुराडीच उरली नाहीत.

बायकांनी कारणं शोधली. टॉवरवरची कबुतरं, टँकरचं पाणी, बदललेली हवा, कुणाची तरी दृष्ट. प्रत्येक कारणाला विजयमालानं मान डोलावली. पण ती आली की ओट्यावरचं बोलणं एकदम मालिकेवर घसरायचं, आणि भिंतीवरून हाक येणं तर थांबलंच होतं. कौशल्या पुन्हा दवाखान्यात जाऊन आली, तेव्हा उशीर झाला म्हणाले, एवढंच तिनं सांगितलं. आणखी काय म्हणाले, असं विजयमालानं विचारलं.

"काय न्हाई, अक्का," म्हणत कौशल्यानं आपल्या फाटकातच चपला काढल्या आणि पाय घमेल्यातल्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवले.

विजयमाला ते बघत राहिली. पाय का धुतेस, एवढं विचारायचं होतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. त्या रात्रीपासून ती आपलं नेसतं लुगडं रोज दोनदा धुऊ लागली, कशासाठी ते स्वतःलाही न सांगता.

आता राहिल्या होत्या बायडाबाईच्या. त्या जर आपल्या वाटीनं तगल्या, तर बाकीच्या कबुतरांनी गेल्या, पाण्यानं गेल्या, कशानंही गेल्या असं म्हणता येणार होतं. विजयमालानं वाटीवर झाकणी ठेवली आणि ती निघाली.

"अक्का, कुठं निघालाय?" कौशल्या शेजारच्या फाटकातून म्हणाली.

"बायडाबाईकडं. तिच्या तरी वाचल्या पायजेत."

कौशल्या फाटक उघडून दोन पावलं पुढं आली. मग म्हणाली, "ऊन लई हाय. राहू द्या आज."

आभाळ सकाळपासून झाकोळलेलं होतं. दोघींपैकी कुणीही वर पाहिलं नाही.

बायडाबाई घरात असताना तिचं दार दिवसाउजेडी बंद असलेलं कुणी पाहिलं नव्हतं. एकटी म्हातारी, दार उघडं टाकून दिवसभर कोंबड्यांशी बोलत बसायची. त्यांना तिनं आपल्या नणंदांची नावं दिली होती, म्हणजे ओरडायला बरं. आज दार बंद होतं आणि कोंबड्यांची कुरकुर घराच्या आतून येत होती. बायडाबाईनं त्या घरात घेतल्या होत्या.

"मावशी, दार उघडा."

"निजलीया मी," आवाज अगदी दाराला लागून आला.

विजयमाला हसली. चहापाणी काही नको, एकेका बोटाचंच काम हाय, असं तिनं समजावलं. बायडाबाईनं गुडघ्याचं निमित्त सांगितलं. मग लेक येणार असल्याचं. मग कडी अडकलीय म्हणाली. विजयमाला पायरीवरून हलेना.

"मावशी, गल्लीत तुमच्याच तेवढ्या राहिल्यात. मला एवढ्या तरी वाचवू द्या."

आत एक कोंबडी फडफडली, तिला बायडाबाईनं हळूच दटावलं.

"माला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर ऐकायला सोपं गेलं असतं. "तू वाईट न्हाईस गं. तुझ्या मायेला कोण नाव ठेवणार? पर कौशीला दवाखान्यात सांगितलंय. दुखणं कबुतरांनी न्हाई आणलं. तू ती आजारी कोंबडी मांडीवर घेतलीस, आन त्याच हातानं समद्यांच्या चोची उघडल्यास. दुखणं घरोघरी तू पोचवलंस, माला. माझ्या दाराला कुलूप हुतं म्हणून माझ्या जगल्या. गल्लीत समद्यांना ठावं हाय. तू थोरली, म्हणून तुझ्या तोंडावर कुणी म्हणंना. मी तुझ्यापेक्षा थोरली हाय. पायरी उतर, बाई."