ट्रम्पेटवर उतरलेला हॉर्न

भोंग्याचं पत्र आलं तेव्हा उत्तर लगेच द्यायचं, असं खोडरबरने ठरवलं होतं. ठरवलं आणि पत्र चष्म्याच्या घराखाली ठेवलं. मग चष्मा काढायला गेलं की पत्र दिसायचं, म्हणून ते शब्दकोशात सरकवलं. शब्दकोश उघडल्यावाचून त्याचा एक दिवस जात नसे, हे त्याला तेव्हा सुचलं नाही.

"पत्र आहे की गळू?" बायको म्हणाली. "हात लावत नाही आणि विसरतही नाही."

"बघू," तो म्हणाला.

खोडरबर हे नाव बँडमधल्या लोकांनी ठेवलेलं. एका वाद्यासाठी लिहिलेले सूर दुसऱ्या वाद्याला वाजवता येतील असे बदलून उतरवायचं काम तो शहराच्या बँडसाठी तरुणपणापासून करत आला होता, आणि त्यात लिहिण्यापेक्षा खोडण्यातच त्याचा वेळ जास्त जायचा. भोंगा त्याच बँडचा हॉर्नवाला. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले.

पत्रात भोंग्याने लिहिलं होतं, 'जिन्यावरून पडल्यापासून डाव्या हाताची बोटं वळत नाहीत. हॉर्नच्या कळा डाव्या हातानेच दाबाव्या लागतात, तेव्हा हॉर्न संपला. पण ट्रम्पेटच्या कळा उजव्या हाताच्या. माझा उजवा हात ठणठणीत आहे, हे पत्र त्यानेच खरडतोय. येत्या कार्यक्रमातला माझा सुरांचा कागद ट्रम्पेटसाठी उतरवून दे. आधी एक मात्र सांग. मधली संथ चाल ट्रम्पेटवर उतरेल का? ती नसेल तर मला त्या खुर्चीत बसायचंच नाही. फोन करू नकोस. फोनवर तू बघू बघू करशील. लिहून कळव.'

सोबत त्याच्या कागदाची नक्कल होती, भोंग्याने स्वतः हाताने केलेली. छापील प्रत कधीचीच गेली होती. सरावाच्या गोदामाचं छप्पर गळलं तेव्हा तिचा लगदा झाला होता. नकलेच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'हॉर्न, डी'.

हॉर्नची ही जुनी भानगड. पूर्वीच्या हॉर्नला कळा नव्हत्या. पट्टी बदलायची तर नळीचं एक वेटोळं काढून दुसरं बसवायचं, आणि कोणतं बसवायचं ते कागदाच्या डोक्यावर लिहिलेलं असायचं. वेटोळी गेली, आता सगळे एफचाच हॉर्न वाजवतात, पण जुने कागद राहिले. डोक्यावर 'डी' दिसलं की हॉर्नवाला कागदावरचा प्रत्येक सूर मनातल्या मनात तीन पट्ट्या, म्हणजे कागदावर एक ओळ, खाली घेतो आणि वाजवतो. नव्या माणसाला घाम फुटतो. भोंग्यासारख्याला त्याचं काहीच वाटत नसे.

खोडरबरने डोक्यावरचं 'डी' वाचलं आणि गणित मांडलं. गणित सुटलं, पण सूर फार खाली गेले. संथ चाल तर ट्रम्पेटच्या तळाच्याही खाली गेली, जिथे त्या वाद्याकडे सूरच नाही, नुसती हवा. इतकं खाली कसं, असं त्याला एकदा वाटलंही. पण त्याला काय, कडी लावली की नाही याचीसुद्धा शंका यायची. परत येऊन बघावं तर कडी लागलेलीच असायची. असल्या शंकेचं किती ऐकायचं? त्याने पुन्हा मोजलं, पुन्हा तेच आलं. म्हणजे भोंग्याच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं होतं. 'नाही' लिहायला हात उठेना, आणि खोटं 'हो' लिहायची छाती नव्हती.

मग भोंग्याच्या मुलीचा फोन आला. भोंगा आता तिच्याच घरी, दुसऱ्या शहरात राहत होता.

"काका, येत्या शनिवारी बँडचे मास्तर बाबांना ऐकणार आहेत. बाबा रोज ट्रम्पेटवर फुंकून फुंकून शेजाऱ्यांची झोप उडवतायत. कागद झाला का?"

"होतोय."

"आणि पत्र?"

"पत्र... बघू."

"बाबा म्हणालेच होते, तुम्ही असं म्हणाल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कागद शुक्रवारी संध्याकाळी पुरा झाला. संथ चालीच्या जागी खोडरबरने ट्रम्पेटला विराम लिहिले आणि ती चाल वेगळ्या कागदावर ट्रॉम्बोनला दिली. पोस्टात टाकायची वेळ निघून गेली होती. खरं तर ती निघून जावी याचीच तो वाट बघत होता.

शनिवारी गोदामात तो नेहमीच्या खांबामागे बसला. भोंगा मुलीबरोबर आला. ट्रम्पेट धरता यावी म्हणून तिने त्याच्या डाव्या तळव्यासाठी चामड्याचा पट्टा शिवून दिला होता. हात पुढे आणि त्यावर ट्रम्पेट, एखादं मांजर धरावं तशी. बँडमधली सगळी उठून त्याला भेटली. कुणी म्हणालं, "भोंगा लहान झाला की काय?" त्यावर भोंगा म्हणाला, "भोंगा तोच आहे, नळी तेवढी आखडलीये."

हसणं ओसरल्यावर खोडरबरने कागद त्याच्यापुढे स्टँडवर ठेवला. भोंग्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला. मधे त्याची नजर थांबली.

"इथे विराम कसले?"

"ती चाल उतरत नाही. खाली जाते. ट्रॉम्बोनला दिलीये."

"मी घरी वाजवतो की ती."

"घरी तू हव्या त्या पट्टीत धरतोस. इथे बाकीच्यांच्या पट्टीत यायला हवी ना."

भोंगा हळूच म्हणाला, "हे पत्रात लिहायचं होतंस. मी एवढा प्रवास केला नसता."

खोडरबरला वाटलं, खांबाने आपल्याला पोटात घ्यावं. तेवढ्यात मास्तरांनी काठी उचलली. मास्तर वयाने लहान, पण वेळेच्या बाबतीत पक्के. "काका, आज ठरवायलाच हवं," ते भोंग्याला म्हणाले. "कार्यक्रमपत्रिका उद्या छापायला जाते. दुसरीकडचा एक सॅक्सोफोनवाला या कागदासाठी तयार आहे, त्याला मी थांबवून ठेवलंय."

"सुरू करा," भोंगा म्हणाला.

सुरू झालं आणि पहिल्याच ओळीत गोदामभर लिंबू पिळल्यासारखं झालं. ट्रम्पेट एकीकडे, बँड दुसरीकडे. मास्तरांनी थांबवलं. "पुन्हा." पुन्हा तेच. क्लॅरिनेटवाल्या बाईंनी मान खाली घातली. भोंग्याच्या मुलीने पर्सचा बंद घट्ट धरला.

"काका, ओठ दुखतायत का?" मास्तरांनी विचारलं. त्यांनी फार हळू विचारलं, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं.

"एकदा अजून," भोंगा म्हणाला.

तिसऱ्यांदा खोडरबरने डोळे मिटले आणि ऐकलं. भोंग्याचा श्वास स्थिर होता. फुंकर ठाम होती. ओठ दगा देतात तेव्हा एखादा सूर घसरतो, एखादा फाटतो, एखादा चुकून बरोबरही येतो. इथे तसं काहीच नव्हतं. प्रत्येक सूर चुकत होता, आणि प्रत्येक सूर सारख्याच अंतराने चुकत होता.

भोंग्याने ट्रम्पेट खाली घेतली. "राहू द्या, मास्तर. त्या सॅक्सवाल्याला सांगा हो म्हणून. माझे ओठ गेले."

तो पट्टा सोडवायला लागला. एका हाताने ते जमेना. मुलगी पुढे झाली.

खोडरबर उभा राहिला. इतक्या वर्षांत गोदामात तो सगळ्यांसमोर कधी बोलला नव्हता. काही सांगायचं असेल तर चिठ्ठी लिहून मास्तरांच्या स्टँडवर ठेवायचा. आता त्याच्या घशातून पहिल्यांदा नुसता खाकरल्यासारखा आवाज आला.

"थांबा," तो म्हणाला. "ओठ नाहीत. कागद चुकलाय."

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या.

"भोंग्या, ती नक्कल केलीस तेव्हा सूर जसेच्या तसे उतरवलेस, की एफमध्ये करून?"

"एफमध्येच. रोज कोण डोक्याला ताप देणार?"

"मग डोक्यावर डी कशाला लिहिलंस?"

"कारण छापील कागदावर डी होतं!"

"अरे, पण तू बदलल्यावर ते डी राहिलं का?"

"नक्कल करताना नाव बदलतात का कुठे?" भोंगा चिडला. मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. "म्हणजे मी एकदा खाली आणलं..."

"आणि मी डी वाचून परत एकदा आणलं. तीन पट्ट्या. सगळं." खोडरबर म्हणाला. "मला शंका आली होती. मी विचारायला हवं होतं. तुझ्या पत्राला उत्तर लिहिलं असतं ना, तर विचारणं झालंच असतं."

"दोघं मिळून एक माणूस झाला असतात तर बरं झालं असतं," ट्रॉम्बोनवाला म्हणाला. दोन-चारजण हसले. मास्तर हसले नाहीत.

"कागद बरोबर करून किती दिवसांत मिळेल?"

"दोन दिवस..."

"पत्रिका उद्या जाते."

भोंग्याने मुलीचा हात बाजूला सारला. पट्टा पुन्हा घट्ट केला. "कागद कशाला? आहे त्याच कागदावरून तीन पट्ट्या वर घेतो. ओळीवरचा सूर पुढच्या ओळीवर, घरातला पुढच्या घरात. जन्मभर दुसरं काय केलं?"

"ते हॉर्नवर, काका. ही ट्रम्पेट आहे."

"बोटांना ट्रम्पेट नवी आहे, डोळ्यांना नाही," भोंगा म्हणाला. पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

मास्तरांनी काठी उचलली. या वेळी पहिली ओळ जुळली. दुसऱ्या ओळीत एक कळ चुकली. भोंगा दचकला, एक सूर गिळला आणि पुढच्यावर परत आला. कपाळावरून घाम त्याच्या भुवईत उतरला, पुसायला हात नव्हता. खोडरबर उभाच होता. बसायचं त्याला सुचलंच नाही. तो मनात प्रत्येक सूर एक ओळ वर ढकलत होता, जणू भोंग्याच्या हातात ओझं आहे आणि आपण खालून टेकू देतोय.

मग विराम आले. ट्रॉम्बोनवाल्याने वाद्य ओठाला लावलं. भोंग्याने त्याच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. ट्रॉम्बोनवाल्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांची काठी चालूच होती.

समोर कागदावर काहीच नसताना भोंग्याने संथ चाल सुरू केली. एक एक पायरी ती खाली उतरू लागली. खोडरबरने घाईघाईने मोजलं. तीन पट्ट्या वर घेतल्या तर शेवटचा सूर कुठे येतो? त्याचं गणित अडखळलं, त्याने ते टाकून पहिल्यापासून धरलं, तोवर चाल अर्ध्याच्या पुढे गेली होती. तळाच्या एक पट्टी वर. एकच पट्टी. उतरतो. उतरायला हवा.

शेवटचा सूर आला तो खरखरत, पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं उचलावं तसा डुगडुगत. पण आला, आणि मास्तरांनी काठी खाली करेपर्यंत टिकला.

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि पत्रिकेच्या कच्च्या कागदावर काहीतरी लिहिलं.

"गुरुवारी सराव आहे, काका," ते म्हणाले. "बरोबर कागद घेऊन या. आणि त्या दुसऱ्या ओळीवर काम करा."

निघताना भोंगा खांबापाशी आला. डावा हात पट्ट्यातून सुटला नव्हता, त्याने उजव्या हाताने खोडरबरच्या खांद्यावर एक गुद्दा हाणला. "कागद पोस्टाने पाठव. सरावाला वेळ हवा."

"मी येऊन देतो की."

"नको. पत्राबरोबर पाठव."

घरी आल्यावर खोडरबरने नवा कागद लिहायला घेतला, तो रविवारी रात्री पुरा झाला. बायकोने दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा गार झालेला परत नेला. "आता काय अडलंय?" तिने विचारलं.

"कागद झाला. पत्र राहिलंय."

"मग लिहा ना. समोर सगळा बँड असताना बोललात, आता एका माणसाला घाबरताय?"

त्याने लिहिलं, 'भोंग्या, चाल उतरते. शेवटचा सूर ट्रम्पेटच्या तळाला टेकल्यासारखा आहे, त्यामुळे तो हॉर्नसारखा गोल येणार नाही, खरखरेल. तो तसाच ठेव, जोर करू नकोस. तिच्यानंतरचे दोन सूर ट्रम्पेटवर खरोखरच बसत नाहीत, ते ट्रॉम्बोनला दिलेत. हे आधीच कळवायला हवं होतं. उत्तराला उशीर झाला.'

त्या दोन सुरांचं वाक्य खोडून 'बघू' असं लिहावं, असं त्याला एकदा वाटलं. त्याने रबर उचललं, आणि परत ठेवलं.

सोमवारी सकाळी कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीत पाकीट पूर्ण जाईना. कागद दुमडायचा नाही म्हणून त्याने मोठं पाकीट घेतलं होतं. अर्धं आत, अर्धं बाहेर. अजून ओढून काढता आलं असतं. मागे एक बाई स्वतःचं पत्र हातात घेऊन थांबली होती.

"आजोबा, तिरकं करा," ती म्हणाली.

त्याने पाकीट तिरकं केलं आणि सोडलं.