वाणातली कोरफड

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते. मला काटे आहेत, माझा गर कडू आहे आणि सध्या मी भयंकर चिडलेली आहे. गोड गोड गोष्ट हवी असेल तर गुलाबाकडे जा. मी कोरफड. वयाने जुनी, बुडाशी जाड झालेली आणि पिल्लांच्या बाबतीत पार बदनाम.

माझा जन्म तारापूरजवळच्या चिंचणीचा. माईंच्या वाडीत चिकूच्या झाडाखाली आमचं सगळं कूळ दाटीवाटीने राहत होतं. आम्हाला कुणी लावलं नव्हतं, कुणी पाणीही घालत नव्हतं. नागोरावांना, म्हणजे माझ्या पुढच्या मालकांना, तारापूरच्या एमआयडीसीत नोकरी लागली, तेव्हा ते आणि त्यांची बायको उषा मराठवाड्यातून इकडे आले आणि आधी माईंच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहिले. उषा तेव्हा अगदी नवीन होती. इथली दमट हवा तिला सोसायची नाही, आईच्या आठवणीने डोळे भरून यायचे. एकदा भाकरी टाकताना तिचा हात तव्याला भाजला. माईंनी वाडीतून एक पान मोडून आणलं, गर लावला आणि मग मलाच मुळासकट उपटून तिच्या ओंजळीत ठेवलं. "पाणी बेतानं घाल," माई म्हणाल्या. "हिला लाडाची सवय नाय."

पुढे ते जवळच सालवडला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायला आले. नागोरावांनी कारखान्यातून रंगाची रिकामी बादली आणली, तिच्या बुडाला भोकं पाडली आणि मला खिडकीच्या जाळीत बसवलं. खाली इमारतीचं फाटक, फाटकाशेजारी कचऱ्याचा ड्रम. वारा फिरला की केमिकलचा वास यायचा, पानांवर धूळ बसायची. मी कधी तक्रार केली नाही.

कामाचं म्हणाल तर मी किती केलं ते विचारू नका. कुणाचं बोट भाजलं, कापा पान. केस गळतात, कापा पान. उषाची मुलगी वैभवी मोठी झाली, तिच्या तोंडावर पुटकुळ्या आल्या, कापा पान. "घरात वैद्य ठेवलाय," असं उषा आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? मग एक दिवस वैभवीने बोईसरच्या दुकानातून हिरव्या जेलची बाटली आणली. बाटलीवर चित्र कुणाचं? माझं! मी इथे हाताच्या अंतरावर जिवंत बसलेली आणि ही पोरगी माझं चित्र विकत घेऊन येते. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, ते काही उगाच नाही.

आता पिल्लांचं. मित्रांनो, आम्हा कोरफडींना पिल्लं होतात. बुडातून एक डोकं वर काढतं, त्याच्या शेजारी दुसरं, आणि बघता बघता बादली गच्च भरते. यात माझा काय गुन्हा? पण नागोराव म्हणू लागले, "घर आहे की नर्सरी?" उषा बिचारी एकेक पिल्लू काढून वाटत सुटली. सुरुवातीला लोक मागून न्यायचे. नंतर ती पिशवी घेऊन जिन्यात दिसली की दारं लागायची. खालच्या किराणावाल्या मेहुलने मात्र हौसेने एक मागून नेलं. मी म्हटलं, चला, एक तरी मार्गी लागलं. दुसऱ्या दिवशी बघते तर माझं लेकरू दुकानाच्या दारावर दोरीने उलटं टांगलेलं, मुळं वर आणि डोकं खाली. म्हणे धंद्याला नजर लागत नाही. वर येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुक सांगायचा की बघा, पाण्यावाचूनही किती दिवस जगते. अरे बाबा, जगते म्हणून टांगायचं का?

यंदा संक्रांतीला उषाच्या डोक्यात एक कल्पना आली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका एकमेकींना हळदीकुंकवाला बोलावतात आणि काहीतरी वस्तू देतात, तिला वाण म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. समोर आलेलं वाण नाकारायचं नसतं आणि दिलेलं वाण परत घ्यायचं नसतं. उषाने ठरवलं, यंदा वाण म्हणून कोरफडच द्यायची. नाही म्हणायची सोयच नाही! तिने चहाच्या कागदी कपांत माती भरली, माझी पिल्लं एकेक करून त्यांत लावली. किती मायेने लावली म्हणून सांगू! प्रत्येकीच्या पानाला हळदीकुंकवाचं बोट लावलं. मला वाटलं, आता माझ्या लेकी मानाने घरोघर जाणार.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी ती दारोदार बोलावणं करून आली. फाटकाच्या पायरीवर जवळच्याच, किनाऱ्यावरच्या नवापूरची झुंबर मासळीची पाटी घेऊन बसली होती. वर्षानुवर्षं उषा तिच्याकडूनच बोंबील घेते, तिला झुंबरमावशी म्हणते, तिच्याशी घटकाभर बोलल्याशिवाय जात नाही. पण झुंबरचा नवरा गेलेला. उषा तिच्या बाजूने पदर सावरत आत गेली आणि तिला सोडून सगळ्यांना बोलावून आली. उषा वाईट नाही हो. तिला लहानपणापासून तसंच शिकवलेलं. पण मला वरून दिसत होतं, झुंबर पाटीवरचं फडकं उगाचच सारखं नीट करत होती. मला तेव्हाच राग आला होता.

संध्याकाळी बायका नटूनथटून आल्या. काय छान कल्पना, काय वेगळं वाण, असं म्हणत त्यांनी फोटो काढले, तिळगूळ खाल्ला आणि कप हातात घेऊन खाली फाटकाशी गप्पा मारत उभ्या राहिल्या. बरोबर माझ्या खाली. तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या मेघालीने तोंड उघडलं. काटेरी झाड घरात ठेवलं की भांडणं होतात, असा तिने मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता. लगेच बाकीच्यांनाही त्यांच्या सासवा, मावश्या असंच म्हणायच्या ते आठवलं. घरात भांडण व्हायला कोरफड लागते होय? मेघालीच्या घरातली भांडणं मला खालच्या मजल्यावर रोज ऐकू यायची आणि तिच्याकडे मी कधी गेलेलीही नाही!

सकाळी उजाडलं तेव्हा माझी पिल्लं कचऱ्याच्या ड्रमजवळ पडलेली होती. नारळाच्या करवंट्या, अंड्यांचे ट्रे आणि त्यांच्यावर चेंगरलेले कप. पानांवरचं कुंकूसुद्धा अजून पुसलं गेलं नव्हतं. तोंडावर गोड बोलून माघारी फेकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण त्या दिवशी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नको होतं तर नको म्हणायचं होतं. मी काही चावले असते का?

उषा ताट घेऊन बोंबील घ्यायला खाली आली आणि ड्रमपाशी थबकली. तिचा चेहराच उतरला. तिने वाकून हात पुढे केला आणि मागे घेतला. दिलेलं वाण परत कसं घ्यायचं? पिल्लं आता तिचीही नव्हती आणि ज्यांची होती त्यांनी टाकली होती. ती नुसती बघत उभी राहिली आणि वरच्या खिडक्यांतून तिच्याकडे बघणाऱ्या बायका हळूच आत सरकल्या. मेघाली तेवढी खिडकीतच राहिली.

झुंबर पायरीवरून सगळं पाहत होती. उषा तिला म्हणाली, "मावशी, मला आता हात लावता येत नाही. तुम्हीच उचला अन् घेऊन जा, तुमच्या अंगणात तरी जगतील."

झुंबरने पाटीवरचं फडकं घट्ट ओढून घेतलं. "टाकलेलं मला नको, बाय," ती म्हणाली. "दिलेलं दे."

"पण मावशी, तुम्हाला वाण..." उषाची नजर झुंबरच्या रिकाम्या कपाळाकडे गेली.

"कुंकू नको मला. हातात दे. आमाला हात हाय का नाय?"

उषा वळली आणि जिना चढून घरात गेली. मी मनात म्हटलं, पळाली. संपलं. माझी लेकरं आता घंटागाडीत जाणार. इतक्यात खिडकीच्या जाळीची कडी वाजली आणि उषाने मलाच बादलीसकट उचललं. हो, मला! माईंनी तिच्या रडण्याच्या दिवसांत दिलेली तिची पहिली कोरफड. माझे काटे तिच्या गालाला लागत होते. ती मला घेऊन खाली आली, सगळ्या खिडक्यांच्या देखत तिने मला झुंबरच्या हातात दिलं, वर तिळगुळाचा लाडू ठेवला आणि वाकून नमस्कार केला. "मावशी, काल बोलवायला हवं होतं," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

झुंबरने डोळे पुसले, मला पायरीवर ठेवलं, मग स्वतःच ड्रमपाशी गेली आणि करवंट्या बाजूला सारून माझी पिल्लं एकेक करून वेचू लागली. उषाने विचारलं, "टाकलेलं नको म्हणत होता ना?"

"आता टाकलेली कुटं हायत? आयेच्या मागं पोरं आली."

तेव्हापासून मी नवापूरला आहे. झुंबरच्या अंगणाच्या कडेला, वाळूत, खाऱ्या वाऱ्यात. शेजारी बोंबील वाळतात. वास म्हणाल तर आहे, पण केमिकलपेक्षा शंभर पटीने बरा. पिल्लं रुजली, आणि मला नवी झाली. इथे कुणी मला नर्सरी म्हणत नाही.

परवा उषा आली होती. तिची खिडकी रिकामी दिसते आणि घरात करमत नाही, असं तिने आडून आडून सांगितलं. मग हळूच म्हणाली, "मावशी, एक पिल्लू द्याल?" झुंबरने घाई केली नाही. तिने सगळ्यांत टवटवीत पिल्लू निवडून काढलं, मुळांची माती झटकली नाही आणि दोन्ही हातांनी उषाच्या ओंजळीत ठेवलं. माईंनी मला ठेवलं होतं ना, अगदी तसंच.

तेव्हा मित्रांनो, जास्तीचं झाड जरूर द्या. पण आधी विचारा, पाहिजे का म्हणून. नको असेल तर तोंडावर नको म्हणा, आम्हाला राग येत नाही, फेकलं की येतो. आणि देताना एकदा फाटकाच्या पायरीकडेही बघा, तिथे कुणाला वगळलंय का ते. उषावर आता माझा राग नाही. मेघालीवर मात्र आहे, आणि मेहुलच्या दारावर माझं लेकरू अजून उलटं टांगलेलं आहे. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात तर त्याला तेवढं खाली उतरवा.