मेकअप रूमचा दरवाजा

दुपारचा प्रयोग संपला की पाऊण तासात रंगमंच रिकामा करून द्यायचा, असा त्या नाट्यगृहाचा नियम. नियम करणाऱ्यानं जन्मात एक फळी उचलली नसणार. आमचा सेट लावायचं आणि उतरवायचं काम मिस्त्रींकडे. तीस वर्षांची सवय, हात आपोआप चालतात.

त्या दिवशी टेम्पो निघाला आणि व्यवस्थापकाचा फोन आला, “अहो, आमच्या मेकअप रूमचा दरवाजा घेऊन गेलात तुम्ही!”

टेम्पो थांबवून पाहिलं, तर खरंच. बिजागऱ्यांसकट. माझं टाळकं सटकलं.

“मिस्त्री, अक्कल गहाण ठेवलीत का? आपल्या सेटचा दरवाजा कुठाय?”

“तिथंच राहिला वाटतं.”

“आणि हा बरा उचललात!”

मिस्त्रींनी दरवाजाच्या कडेवरून अंगठा फिरवला. “नाट्यगृह बांधलं तेव्हा हा मीच केला होता. घाईत हाताला लागला, आपला वाटला, काढला.”

“अहो, सेटचा दरवाजाही आपलाच ना?”

“तो तुम्ही दुकानातून आणलात,” मिस्त्री म्हणाले.