माझ्या पोटात पाणी, कढईत तेल

मित्रांनो, माझा लाल रंग पाहून तुम्ही मला लांबूनच ओळखता, आणि तिथेच फसता. मी अग्निशामक आहे, आग विझवतो, हे खरं. पण कुठली आग? ते माझ्या रंगावर नाही, पोटावरच्या लेबलवर लिहिलंय. मी काही गोडगोड बोलणारा नाही. हे एकदा ठणकावून सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून ऐका.

कारखान्यात माझं पत्र्याचं अंग वाकवलं, जोडलं, दाब देऊन तपासलं. पोटात पाणी भरलं, वर हवा कोंडली. मानेशी छोटी तबकडी बसवली. तिचा काटा हिरव्या पट्ट्यात असला की मी तयार. मग पिन, पिनेला सील आणि शेवटी लेबल. त्यावर मोठं ‘ए’ अक्षर, शेजारी जळत्या लाकडांचं चित्र. खाली दोन चित्रं लाल रेघेने खोडलेली, एक विजेच्या तारेचं, एक पेटलेल्या कढईचं. आम्हाला जीभ नसते. लेबल हेच आमचं तोंड.

माझी उमेदीची वर्षं जामनेरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात गेली. तिथे एकदा कापसाचा ढीग पेटला. निंबाभाऊ नावाच्या कामगाराने मला उचललं, पिन ओढली आणि ज्वाळेच्या बुडाशी धार धरली. लाकूड, कागद, कापड, कापूस हे सगळं ‘ए’मध्ये येतं, म्हणजे माझ्याच हद्दीत. पाणी आत मुरलं, ढीग विझला. “गडी कामाचा शे,” असं म्हणत निंबाभाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी चांगलाच फुशारलो होतो.

मग मला पुन्हा भरलं. पुढे जिनिंग बंद पडलं, सामान विकलं गेलं आणि मी जळगावला, मेहरूणमध्ये कुंदाबाईंच्या केळी वेफर्सच्या कारखान्यात आलो. कारखाना कसला, एक लांबट शेड. एका टोकाला रिकामी खोकी आणि गोणपाटं, दुसऱ्या टोकाला गॅसची भट्टी आणि तिच्यावर तेलाची अवाढव्य कढई. कुंदाबाई कच्ची केळी किसणीवरून थेट तेलात सोडायच्या. त्यांची धाकटी जाऊ सुलक्षणा पाकिटं भरायची. त्यांच्या सासूबाई, इंदिराबाई, खाटेवर बसून दोघींवर नजर ठेवायच्या.

“आग लागली तर भट्टीपाशीच लागणार ना,” म्हणत कुंदाबाईंनी मला भट्टीजवळच्या खांबावर टांगलं. तळणाचं तेल हे माझं काम नव्हे हो. त्याचं अक्षर वेगळं, ‘एफ’. पेटलेल्या तेलात पाणी पडलं की ते खाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ जळतं तेल उसळवून समोरच्याच्या तोंडावर फेकते. लेबलवर ती कढई उगाच खोडलेली नव्हती. कुणीतरी वाचेल, या आशेवर मी लटकत राहिलो.

मग दसरा आला. आपल्याकडे दसऱ्याला कामाची हत्यारं पुजतात. इंदिराबाईंनी कढई पुजली, किसणी पुजली, वजनकाटा पुजला आणि मलाही पुजलं. तेलात कालवलेल्या शेंदराचा ठसठशीत स्वस्तिक त्यांनी काढलं ते नेमकं माझ्या लेबलवर. मान मिळाला, पण तोंड बंद झालं. पुढच्या दसऱ्याला त्यावर आणखी एक थर चढला.

सुलक्षणेला मात्र चैन पडेना. एकदा ती सासूबाईंना म्हणाली, “अक्का, याच्यावर काहीतरी लिहिलंय. पुसून बघू का?”

इंदिराबाई धुळ्याकडच्या, त्यांची बोली खानदेशी. “ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “पूजानं शे ते. पुसानं नही.”

सुलक्षणेने हात मागे घेतला. पण येता-जाता ती माझ्याकडे बघायचीच. मी मनात म्हणायचो, पोरी, हट्ट सोडू नकोस.

एक दिवस केळीचा टेम्पो आला. कुंदाबाई घड उतरवून घ्यायला बाहेर गेल्या आणि भट्टी चालूच राहिली. तेलातून धूर निघाला, मग कढईने भक्कन पेट घेतला. कुंदाबाई धावत आत आल्या. त्यांनी मला खांबावरून ओढून काढलं, पिन उपसली, नळी कढईकडे वळवली. मित्रांनो, माझ्यावर विसंबणाऱ्या बाईलाच मी भाजून काढणार होतो आणि मला ओरडता येत नव्हतं. आयुष्यात इतका मी कधी घाबरलो नाही.

तेवढ्यात सुलक्षणेने त्यांचं मनगट धरलं. “ताई, थांबा. याच्यात काय आहे ते आपल्याला माहीत नाही.”

“अगं, आग लागलीय. सोड मला.”

“माहीत नाही ते मारायचं नाही. मी गॅस बंद करते, तुम्ही झाकण घ्या.”

तिने भिंतीपलीकडच्या टाकीची चावी फिरवली. मग दोघींनी कढईचं पत्र्याचं मोठं झाकण धरलं आणि ढालीसारखं पुढे करत बाजूने कढईवर सरकवलं. ज्वाळा गुदमरली. कुंदाबाई झाकण उचलून बघणार होत्या, तर सुलक्षणा दरडावून म्हणाली, “आधी पूर्ण गार होऊ द्या.”

इंदिराबाई खाटेवरून उठल्या. त्यांनी खोबरेलात बुडवलेलं फडकं घेतलं आणि माझ्या पोटावरचा शेंदूर स्वतःच्या हाताने काढला. खालून माझं लेबल निघालं. सुलक्षणेने वाचलं, “पाणी. फक्त ए. पेटत्या तेलावर आणि विजेवर वापरू नये.”

कुंदाबाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. इंदिराबाईंना अक्षर येत नाही, पण खोडलेली कढई त्यांना कळली.

“यानं तोंड मीच झाकी टाकं व्हतं,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुलक्षणा दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, “हा घेऊन जा ताई, सगळ्याला चालतो.” ती म्हणाली, “सगळ्याला चालतो ते राहू द्या. लेबल दाखवा.” ‘एफ’ वाचल्याशिवाय ती हलली नाही. तो नवा आता दाराशी टांगलाय, म्हणजे कढई पेटली तरी त्याच्यापर्यंत हात पोहोचेल. विजेच्या बोर्डासाठी कार्बन डायऑक्साइडचा एक वेगळा आणला. माझी पिन बसवून, नवं सील लावून मला खोक्यांच्या आणि गोणपाटांच्या राशीजवळ नेलं. ही माझी जागा. इथे ठिणगी पडू द्या, मग बघा म्हातारा काय करतो ते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या शाळेत, दुकानात, जिन्यात माझं भावंड टांगलेलं असेल. आजच त्याच्यासमोर उभे राहा. अक्षर वाचा, चित्रं बघा, काटा हिरव्यात आहे का ते पाहा. आग लागल्यावर वाचायला वेळ नसतो.

यंदा दसऱ्याला इंदिराबाई शेंदराची वाटी घेऊन आल्या तेव्हा मला धडकीच भरली. पण त्यांनी बोट माझ्या माथ्यावर टेकवलं. लेबलला शेंदराचा ठिपकासुद्धा लागू दिला नाही. “आधी वाच,” त्या कुंदाबाईंना म्हणाल्या, “मंग हार घाल.” कुंदाबाईंनी मोठ्याने वाचलं आणि हार घालायला माझ्यापुढे वाकल्या. त्यांचा चेहरा अगदी जवळ आला. त्यावर भाजल्याचा एकही डाग नाही.