पिसाना कुणावर फिस्कारली?

मावशीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. द्राक्षांच्या मांडवाखाली अख्खी गल्ली जमली होती. गावात भीती उतरवणाऱ्या क्रिस्ताना आजींनी पळीतलं वितळलेलं शिसं वाडग्यातल्या पाण्यात ओतलं, चर्र आवाज झाला आणि बायकांनी छातीवर क्रूस काढले.

"भीती अशी बाहेर पडते," आजी म्हणाल्या. त्यांनी पाण्यातून एक वेडावाकडा गोळा काढला. "डोक्याला रुमाल बांधलेली बाई आहे. दिसतेय ना?"

"दिसतेय, दिसतेय," बायका म्हणाल्या. मला बटाटा दिसत होता.

घाबरली होती ती मांजर. गेर्गिना मावशी शहरातला फ्लॅट सोडून या गावात राहायला आली, आणि सामान उतरलं तशी तिची काळी पिसाना पलंगाखाली शिरली. धड खाईना, बाहेर येईना. आमच्याकडे मूल दचकलं की शिसं ओततात. मावशीला मूल नाही.

"घरात परकं पाऊल पहिल्यांदा कुणाचं पडलं?" आजींनी विचारलं.

"तोदोरका काकूंचं," मावशी म्हणाली. "कोम्शुलुकातून पाव घेऊन आल्या होत्या."

दोन अंगणांच्या सामाईक भिंतीतल्या त्या बुटक्या दाराला कोम्शुलुक म्हणतात. तोदोरका काकू विधवा, गुडघ्यांनी अधू. मावशीच्या घराचे जुने मालक त्या दारातूनच त्यांना सरपण द्यायचे, सकाळी हाक मारून खुशाली विचारायचे. काकूंना दुसरं कुणी नव्हतं.

"मुकं जनावर खोटं बोलत नाही," आजी म्हणाल्या. "सगळ्यांनी शिशाच्या पाण्यात हात धुवा आणि मांजरीसमोर धरा. जिने नजर लावली तिच्यावर ती फिस्कारेल. मग ते दार कायमचं बंद करा."

फळ्या आणि हातोडा भिंतीशी तयारच होते. निकाल लागायच्या आधी शिक्षेची तयारी झालेली बघून मला शंका आली. मी वाडग्याजवळ सरकले.

एकेक बाई हात धुवायची, आजी खांद्यावरच्या पांढऱ्या पंच्याने तिचे हात पुसायच्या आणि ती आत जाऊन पलंगाखाली हात धरायची. पिसाना नुसती अंग चोरायची. तोदोरका काकूंची पाळी आली तेव्हा मात्र आजींनी टोपलीतून लाल फडकं काढून हात पुसले.

काकूंनी हात पुढे केला. पलंगाखालून असा फिस्कारा आला की दारातल्या बायका मागे सरल्या.

"बाई गं, मी काय केलं?" काकू पुटपुटल्या. मावशीने हातोडा उचलला.

"आजी," मी म्हणाले, "माझे हात लाल फडक्याने पुसा ना."

"ते दोषी माणसासाठी असतं, पोरी."

"दोषी कोण ते मांजर ठरवणार होती. मग फडक्याला आधीच कसं कळलं?"

मागून कुणीतरी हसलं. आजी फणकारल्या, "चार बुकं शिकली की देवालाही शिकवायला निघतात."

"देवाचं राहू द्या. फडक्याचं सांगा."

मावशीने हातोडा ठेवला, ते फडकं उचललं, स्वतःचे हात पुसले आणि पलंगाशी गुडघे टेकले. "पिसाना, बाळा," ती म्हणाली.

पिसानाने कान पाडले आणि मावशीवर, जिच्या कुशीत ती लहानाची मोठी झाली तिच्यावर, तस्साच फिस्कारा सोडला.

मी फडकं उजेडात धरलं. त्याला नारिंगी केस चिकटले होते.

"हे तर आजींच्या बोक्याचे," एक शेजारीण म्हणाली. "दिवसभर त्यांच्या टोपलीत पसरलेला असतो."

बिथरलेल्या मांजरीला परक्या बोक्याचा वास आला तर ती कुणावरही फिस्कारेल. शिशाचंही तसंच. मी ते पुन्हा वितळवून ओतलं, तर एकीला बदक दिसलं, दुसरीला चप्पल. आजी तोवर टोपली घेऊन निघून गेल्या होत्या.

"मग हिला झालंय तरी काय?" मावशीने विचारलं.

"तिची जुनी चादर कुठे आहे?"

"धुतली. नव्या घरात घाण कशाला आणू?"

"मांजर घर ओळखते वासावरून. तिच्या ओळखीचं सगळं तू धुऊन काढलंस, वर अख्खी गल्ली गोळा केलीस. तिला एकच खोली दे, तिथेच खाणंपिणं ठेव, तुझा न धुतलेला स्वेटर टाक. ओढून बाहेर काढू नकोस. ती आपणहून येईल."

काही दिवसांनी पिसाना आली, आधी दारापर्यंत, मग स्वयंपाकघरात.

तोदोरका काकू मात्र आल्या नाहीत. फळ्या ठोकल्या नव्हत्या, तरी दार पलीकडून बंद होतं. मांजरीला वेळ दिला की पुरतं. ज्या माणसाकडे सगळ्या गल्लीने बोट दाखवलं त्याचं तसं नसतं. म्हणून कुणी गोळ्यात चेहरा दाखवला तर आधी एवढंच म्हणा, पुन्हा ओतून दाखवा. आणि फडकं कुठलं, तेही विचारा.

मावशी रोज सकाळी पाव घेऊन त्या बुटक्या दारावर टकटक करते. काल आतून पहिल्यांदा आवाज आला, "थांब, गुडघे दुखतात, वेळ लागेल."

"लागू दे, काकू," मावशी म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.