अख्खी प्रिंट

खोटं बोलायला हरकत नाही, पण ज्याच्याशी बोलायचं त्याची स्मरणशक्ती कशी आहे हे आधी बघून घ्यावं. इरशादने बघितलं नव्हतं. तेव्हा तो चौदा वर्षांचा; एवढंसं पोर कसलं बघतंय म्हणा! पण सोळा वर्षांनंतर त्याने कुवेतहून चाळीस दिवसांच्या रजेवर यावं, पेणला घरी बॅग टाकावी, दुसऱ्याच दिवशी जोह्याला विशालच्या गणपतीच्या कारखान्यात जावं, आणि तिथे गणपतींच्या रांगेमागे ती उभी असावी, याला काय म्हणायचं?

ती म्हणजे मावशी. सात फूट उंच, कागदाच्या लगद्याची, पत्र्यासारखी राखाडी रंगवलेली. हात सहा. त्यातल्या एका हातात पळी.

"ओळख बघू कोण?" विशाल म्हणाला. रंगाने माखलेले हात कमरेवर ठेवून तो असा उभा होता की जणू पोरीचं लग्न ठरलंय.

ओळखायला काय झालं होतं! तिला इरशादनेच तर जन्माला घातलं होतं. त्याची कानशिलं तापली.

झालं होतं असं. सतरा वर्षांपूर्वी 'आखरी यान' नावाचा इंग्रजी पिक्चर हिंदी आवाजात पेणच्या टॉकीजला लागला होता. विशाल आणि इरशाद शाळा बुडवून तो चार वेळा बघून आले. नाव 'आखरी', पण वर्षभरात दुसरा भाग आला, मग तिसरा, आणि आता दिवाळीला चौथा येतोय. शेवटचं म्हणून सांगितलेलं यान काही संपत नाही, आमच्याकडच्या भाषणांसारखं. तर दुसरा भाग यायच्या आठवड्यात विशाल मूर्ती चढवताना टेम्पोवरून पडला आणि मांडीचं हाड मोडून बसला. पायाला वजन बांधून अडीच महिने खाटेवर. बाकी कशाला रडला नाही, पिक्चर चुकणार म्हणून मात्र ढसाढसा रडला. इरशाद म्हणाला, "मी मुंबईला चाललोय मामूसोबत. तिथे बघतो आणि तुला सगळा सांगतो. एक सीन सोडणार नाय."

मामूने त्याला कुर्ल्याला कुणाच्या तरी मंगनीला नेलं, दोन दिवस बिर्याणी खायला घातली आणि तसाच परत आणला. पिक्चर राहिला बाजूला. इरशाद जोह्याला आला तेव्हा विशाल खाटेवर पाय टांगून दाराकडे बघत होता. "बघितलास?" त्याने विचारलं. इरशाद "नाय" म्हणायलाच आला होता, खुदा कसम, पण तो टांगलेला पाय बघून तोंडातून निघालं, "बघितला. काय पिक्चर हाय यार!"

मग काय, सांगणं आलं. मनात काहीच तयार नव्हतं, म्हणून थोडंथोडं सांगितलं. असे अकरा दिवस लागले. त्यात सहा हातांची यंत्राची मावशी होती, यानात स्वयंपाक करणारी. ग्रहावर खाडी होती, खाडीला बांध होता, भरतीचं पाणी अडवायला उघाडी, म्हणजे झडपेचं दार, होती. दुसऱ्या ग्रहावर खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला आपल्या खारलँडचा बांध कसा, हे विशालने एकदाही विचारलं नाही. त्याला वाटलं, बांध सगळीकडेच असणार.

बरं, तिथेच संपलं असतं तर ठीक. पण विशाल मोठा झाला, कारखान्याचा मालक झाला आणि जगात जिथे म्हणून 'आखरी यान'चा विषय निघेल तिथे दुसऱ्या भागाची बाजू घेऊन भांडायला लागला. लोक म्हणायचे, अरे, कसली मावशी? असा सीनच नाय. विशाल शांतपणे म्हणायचा, "तुम्ही कापलेली प्रिंट बघितलीत. इरशादने मुंबईत अख्खी बघितली." टीव्हीवर तो भाग लागला की हा टीव्ही बंद करायचा. मोबाईलवर फुकट मिळत होता, बघितला नाही. बघेन तर इरशादसोबत आणि अख्खा, असा त्याचा पण. इरशाद रजेवर आला की कधी लग्न, कधी मय्यत, कधी पोट बिघडलंय असं सांगून टाळायचा. कुवेतमध्ये पन्नास डिग्रीत एसीची दुरुस्ती करताना जेवढा घाम येत नसेल तेवढा त्याला या एका पिक्चरचा यायचा.

"रोह्याच्या मंडळाचा देखावा हाय," विशाल सांगत होता. "त्यांनी फक्त अवकाश सांगितलंय. म्हटलं, मग आपली मावशीच जाऊ दे. डोळे तेवढे राहिलेत."

डोळे राहिले होते कारण डोळे आखायचं काम पुंडलिककाकांचं. कारखान्यात कुणीही रंग मारावा, पण डोळ्यांना हात लावायचा तो काकांनीच, आणि तोही सगळ्यात शेवटी. गणपतीचे डोळे त्यांना झोपेतही आखता येतात. मावशीपुढे मात्र महिना झाला ते अडून बसले होते. "बाई कशी हाय ते बघितल्याबिगर मी आखणार नाय," ते म्हणायचे. "नायतर डोळे बाईचे आणि बघणं गणपतीचं, असं व्हायचं."

तेवढ्यात ऋतुजा आली. रोह्याच्या मंडळाची सेक्रेटरी, केमिकल कंपनीत लॅबमध्ये कामाला, आणि 'आखरी यान'च्या पहिल्या भागाची कट्टर भक्त. तिने मावशीला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"विशालदादा, हे काय आहे?"

"दुसऱ्या भागातली मावशी."

"दुसऱ्या भागात अशी कुणी नाही. दुसऱ्या भागात काहीच नाही. एक गोष्ट होती, ती पहिल्या भागात सांगून झाली. बाकीचे भाग म्हणजे उरलेल्या भाताला फोडणी."

"फोडणीचा भात ताज्यापेक्षा ग्वाड लागतो गो," पुंडलिककाका मान वर न करता म्हणाले. "मला तर तिसराच आवडला. सुरुवातीपासून हाणामारी. कोण उगाच बोलत नाय."

"काका, तुम्ही तिसरा भाग झोपून काढलात," विशाल म्हणाला.

"म्हणून तर आवडला. झोपमोड झाली नाय."

मग जुंपली. पहिल्या भागात यानाचा कप्तान मेला होता, तो दुसऱ्यात जिवंत कसा, हा ऋतुजाचा मुद्दा. विशालचं म्हणणं, तो मेला असं कुणी दाखवलंय? नुसता पडला. काका म्हणाले, आमचा महिपती दोनदा ग्रामपंचायतीला पडला, पण तिसऱ्यांदा उभा राहिलाच की. आणि पडतं घेईल तो विशाल कसला? त्याने हुकमाचं पान टाकलं. "दुसऱ्या भागात बांधाला खांड पडते, पाणी आत घुसतं, आणि ही मावशी त्या खांडीला पाठ लावून उभी राहते. रात्रभर! असा सीन तुमच्या पहिल्या भागात हाय? तुम्ही बघितली कापलेली प्रिंट."

ऋतुजा हसली. तिने पिशवीतून लॅपटॉप काढला. "ही न कापलेली आहे. दिग्दर्शकाची स्वतःची. तीन तास सात मिनिटं. आज रविवार आहे, दुपार मोकळी आहे. मावशी निघाली तर मी मंडपात माइकवरून सांगेन की दुसरा भाग श्रेष्ठ. नाही निघाली तर?"

"नाय निघाली तर हिला माझ्या हाताने फोडीन," विशाल म्हणाला. "आणि तुला पहिल्या भागाचं यान करून देईन. लाव. बरा सापडला इरशादपण."

बरा सापडला! इरशादने चार्जर हळूच शाडूच्या गोणीमागे ढकलला, तर काकांनी तो शोधून हातात दिला. पोट दुखतंय म्हणाला, तर विशालने ओव्याची डबी आणली. आता एकच आशा होती, लाइट. श्रावणात जोह्याची लाइट दिवसातून सहा वेळा जाते. मागच्या जन्मीचं वैर असल्यासारखी त्या दुपारी हलली नाही.

लॅपटॉप शाडूच्या गोणीवर ठेवला आणि चौघे समोर बसले. मागे शंभरेक गणपती, तेही बघत होते म्हणायला हरकत नाही. पहिला तास बर्फ होता. नुसता बर्फ, आणि बर्फात उभी राहून माणसं काळ म्हणजे काय यावर बोलत होती. विशाल म्हणाला, "आता येईल." दुसऱ्या तासाला कप्तानाचं प्रेम जमलं, मग मोडलं, मग पुन्हा जमलं. काका घोरायला लागले. विशाल म्हणाला, "खाडी आली की ती येते." खाडी कुठून येणार? सगळं गोठलेलं होतं! इरशाद पडद्याकडे बघतच नव्हता. तो विशालकडे बघत होता. विशाल प्रत्येक दार उघडलं की पुढे सरकायचा आणि आतून दुसराच कुणी आला की मागे टेकायचा. अडीच तासांनंतर त्याने सरकणं सोडलं.

पिक्चर संपला. नावं वर जायला लागली आणि विशाल ती बोट लावून वाचत राहिला, की कुठेतरी मावशीचं काम कुणी केलं ते लिहिलेलं असेल. ऋतुजा जिंकली होती, पण तिचंही तोंड उतरलं होतं.

शेवटचं नाव गेलं. विशाल वळला.

"ही पण कापलेलीच असणार," तो म्हणाला. "व्हय ना रे इरशाद?"

दार उघडं होतं. नुसतं 'व्हय' म्हटलं की संपलं. पुढची सोळा वर्षंही निघाली असती. कुणी त्याला खोटं पाडू शकलं नसतं, कारण मुंबईच्या त्या टॉकीजमध्ये कोण बसलं होतं हे बघायला कोण जाणार? पण विशाल असा बघत होता की इरशादला तो खाटेवरचा पोरगा दिसला, आणि तेव्हा जे बोलता आलं ते आता काही केल्या बोलता येईना.

"नाय," इरशाद म्हणाला. "ही अख्खी हाय. मी बघितलाच नव्हता पिक्चर. मामूने मंगनीला नेला मला. मावशी, बांध, सगळं मी बनवलं."

"अकरा दिवस?"

"तुझा पाय टांगलेला होता रे."

"पाय सुटला की अडीच महिन्यात. तू सोळा वर्षं काय करत होतास? मी लोकांशी भांडलो. सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं टाकलं मी! अख्ख्या पेण तालुक्यात मला वेडा म्हणतात ते काय उगाच?" त्याचा आवाज फाटला. "एक फोन करायचास. तिथून कुवेतहून. फोनवर तोंड तरी दाखवावं लागलं नसतं."

"भ्यायलो मी," इरशाद म्हणाला. "मला वाटलं, हे कळलं तर तू दुसरं पण काय खरं मानणार नाय."

विशाल उठला. कोपऱ्यातला हातोडा घेतला, मावशीपर्यंत गेला, थांबला. मग वळून तो हातोडा त्याने इरशादच्या हातात दिला.

"तू फोड. माझी कुठे हाय ती? तुझी हाय."

इरशादने हातोडा धरला आणि तसाच उभा राहिला. त्याने मान वर केली. चौदाव्या वर्षी नुसत्या तोंडाने केलेली बाई समोर सात फूट उभी होती. पळीसुद्धा बरोबर, दांड्याला वळसा असलेली. तिच्या तोंडावर दोन कोऱ्या पांढऱ्या जागा होत्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

"फोडायची तर फोडा एकदाची," पुंडलिककाका जागे होऊन म्हणाले. "नसेल फोडायची तर बाई रागीट हाय का मायाळू, ते तरी सांगा. माझे बारा गणपती आखायचे ऱ्हायलेत. पिक्चरमध्ये तर दिसली नाय मेली."

मग ऋतुजा म्हणाली, "इरशाददादा, पैज माझी आहे. मावशी फोडायची की नाही ते मी ठरवणार. आधी मला कळू दे, ही करते काय?"

इरशादने हातोडा खाली ठेवला. घसा खाकरला. "यानात स्वयंपाक करते. सगळ्यांवर ओरडते. कप्तानाला पण. मग ते त्या खाडीच्या ग्रहावर उतरतात, आणि बांधाला खांड पडते…"

"सहा हात असून पळी एकच?" काकांनी विचारलं.

"बाकीचे हात मुलांना धरायला. यानात मुलं असतात."

"किती?" ऋतुजा पुढे सरकली होती.

"चार… पाच असतील." खरं म्हणजे त्याला आठवत नव्हतं. सोळा वर्षांत त्याने ही गोष्ट विसरायचाच प्रयत्न केला होता. "मग पाणी वाढतं, आणि मावशी पळी टाकून देते…"

"नाय टाकत." विशाल भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो वळला नाही. "मुलं पाच. सहाव्या हातात पळी. ती शेवटपर्यंत टाकत नाय, कारण उजाडल्यावर त्यांना जेवायला वाढायचं असतं. तूच सांगितलंस."

"व्हय," इरशाद म्हणाला. "असंच होतं. विशल्या, मी खरंच…"

"माझ्याशी बोलू नको," विशाल म्हणाला. "पुढचं सांग."